आधी खोली बघा

लेझर बंद पडल्याचा फोन आला की हा इंजिनिअर लेझरबद्दल काहीच विचारत नाही. ‘‘एसी चालू आहे ना?’’ हा पहिला प्रश्न. ‘‘चिलरचं पाणी किती अंशांवर आहे?’’ हा दुसरा. ‘‘रात्री लाइट गेली होती का?’’ हा तिसरा. पलीकडे बहुधा पीएचडीचा विद्यार्थी असतो. प्रबंधाची तारीख मानगुटीवर बसलेली, यंत्र काही कोटींचं, आणि हे गृहस्थ एसीची चौकशी करतायत म्हटल्यावर तो मनातल्या मनात चडफडतो. इंजिनिअरला ते कळतं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचं मत पक्कं झालंय: बहुतेक तक्रारी यंत्राच्या नसतातच. यंत्र ज्या खोलीत ठेवलंय, त्या खोलीच्या असतात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘पडद्यामागचे’ असा ठरला, तेव्हा संपादकांनी फोनवर नेपथ्यकार, मुद्रितशोधक, ऑपरेशन थिएटरमधल्या परिचारिका अशी यादी वाचून दाखवली. मी म्हटलं, मला लेझर दुरुस्त करणारा माणूस द्या. अतिजलद लेझरच्या कामाला भौतिकशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालं, २०१८ आणि २०२३ मध्ये. त्याआधी १९९९ मध्ये अहमद झेवैल यांना रसायनशास्त्राचं मिळालं, तेही याच लेझरच्या जोरावर. शोध लावणाऱ्यांची नावं छापून आली, यायलाच हवीत. पण तो लेझर रोज सकाळी चालता ठेवणाऱ्यांबद्दल मराठीत मी तरी काही वाचलेलं नव्हतं. म्हणून एका परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या सर्व्हिस इंजिनिअरच्या मागे लागलो. त्याच्या अटी साध्या होत्या: माझं नाव नको, कंपनीचं नको, गिऱ्हाइकाचं तर नकोच.

चपला बाहेर, घड्याळ बाहेर

त्याच्याबरोबर मी गेलो ती प्रयोगशाळा पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेच्या तळघरात आहे. तळघरात, कारण तिथे इमारत कमी हलते. दोन दारं, मधल्या चिंचोळ्या जागेत चपलांचा खण आणि हुकांवर टांगलेले गॉगल. इंजिनिअरने घड्याळ काढून खिशात टाकलं, अंगठी पाकिटात ठेवली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मीही घड्याळ काढलं. मनगटावरच्या चकचकीत काचेवरून किरण उडाला तर तो कुणाच्या डोळ्यात जाईल सांगता येत नाही.

आतलं टेबल एखाद्या छोट्या खोलीएवढं. पोलादी, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखं, हवेच्या पायांवर तरंगणारं, आणि वर एकेका इंचावर स्क्रूची भोकं. त्यावर आरसे, भिंगं, काळ्या पेट्या. किरणांचा सगळा प्रवास टेबलापासून ठरलेल्या एकाच उंचीवर होतो, आणि कुणाचेही डोळे त्या उंचीला आणायचे नाहीत, हा इथला पहिला नियम. जमिनीवर पाना पडला तर आधी किरण अडवायचा, मग वाकायचं. नुसतं वाकायचं नाही.

या लेझरचा प्रकाश ८०० नॅनोमीटरचा, म्हणजे दृश्य लालच्या पलीकडचा. नजरेला फार तर मंद लालसर ठिपका दिसतो. प्रखर उजेड पडला की आपण डोळे मिटतो, इथे मिटत नाही, कारण प्रखर असं काही दिसतच नाही. डोळ्याचं भिंग मात्र तो इमानेइतबारे पडद्यावर एकवटतं. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात असाच अपघात झाला. एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात फेम्टोसेकंद लेझरचा किरण गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरला, रॉन कुर्ट्झ यांना, जखमेने चकित केलं: ती इतकी नेटकी होती की आजूबाजूला भाजल्याची खूणच नाही. इतकं स्वच्छ कापता येत असेल, तर मुद्दाम का कापू नये? त्यातून कुर्ट्झ आणि त्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मिळून डोळ्यांची शस्त्रक्रिया उभी केली. आज चष्मा घालवायला जाणाऱ्यांच्या बुबुळावर पातळ पापुद्रा कापणारा लेझर त्याच घराण्यातला आहे.

‘‘ही गोष्ट सगळ्यांना आवडते,’’ इंजिनिअर म्हणाला. ‘‘मला नाही आवडत. त्या पोराने गॉगल वर केला होता.’’

टिचकी

फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक. सेकंदात तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश तेवढ्यात ०.३ मायक्रॉन सरकतो. तीस फेम्टोसेकंदांची पल्स म्हणजे नऊ मायक्रॉन जाडीची, हवेतून धावणारी प्रकाशाची चकती.

ती जन्माला येते ऑसिलेटरमध्ये. समोरासमोर आरसे आणि मधे काही मिलिमीटरचा गुलाबी स्फटिक, टायटेनियम मिसळलेला नीलमणी. १९८२ मध्ये पीटर मोल्टन यांनी अमेरिकेतल्या लिंकन लॅबोरेटरीत त्यापासून पहिल्यांदा लेझर मिळवला. हिरव्या लेझरने त्याला ऊर्जा द्यायची आणि तो लालच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या कितीतरी रंगांत प्रकाश देतो. ही रंगांची रुंदी फार कामाची, कारण पल्स जितकी आखूड हवी तितके जास्त रंग लागतात, आणि ते सगळे एका तालात यावे लागतात. ताल जमला नाही तर नुसता संथ, अखंड प्रकाश मिळतो.

ताल जमवतो तो स्फटिकच. प्रकाश फार तीव्र असला की स्फटिक त्याच्यासाठी भिंगासारखा वागतो आणि त्याला अधिक एकवटतो. विखुरलेल्या, मंद प्रकाशाच्या वाट्याला हे येत नाही. आरशांची मांडणी अशी करायची, की एकवटलेल्या प्रकाशाचं नुकसान कमी व्हावं. मग जो प्रकाश पल्स होऊन धावतो तोच टिकतो. हे स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विल्सन सिबेट यांच्या गटाला १९९० च्या सुमारास दिसलं, तेव्हा हे कसं होतंय हे नीटसं कुणालाच कळेना. रंगांचा असा ताल जमवण्याला मोडलॉकिंग म्हणतात, आणि काही काळ लोक याला जादूचं मोडलॉकिंगच म्हणत.

गंमत अशी, की ही पल्स बरेचदा आपणहून सुरू होत नाही. कुठून तरी पहिला धक्का लागतो. इंजिनिअरने पेटीचं झाकण उघडलं. स्पेक्ट्रोमीटरच्या पडद्यावर एक टोकदार सुळका होता, म्हणजे एकच रंग, पल्स नाही. त्याने एका प्रिझमच्या बैठकीला बोटाने हलकी टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली, आणि सुळका कोसळून त्या जागी एक रुंद टेकडी उभी राहिली, स्थिर. शेजारच्या ऑसिलोस्कोपवर खांबांची रांग लागली.

‘‘लागला,’’ शेजारी उभी असलेली प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी म्हणाली.

आता दर सेकंदाला आठ कोटी पल्स बाहेर पडत होत्या. आरशांमधलं अंतर जेमतेम दोन मीटर, त्याच्या एका फेऱ्याला साडेबारा नॅनोसेकंद लागतात, आणि प्रत्येक फेऱ्याला एक पल्स सुटते. टिचकी किती जोरात मारायची, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

सोनेरी जाळी

या पल्स नाजूक असतात. पदार्थात काही घडवायला त्यांची ऊर्जा लाखो पटींनी वाढवावी लागते, आणि तशीच वाढवायला गेलं तर वाढवणाऱ्या स्फटिकालाच भोक पडतं. यावरचा तोडगा रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड या विद्यार्थिनीने आणि जेरार मूरू या तिच्या मार्गदर्शकांनी १९८५ मध्ये काढला. पल्स आधी लांब ताणायची, म्हणजे तिची तीव्रता उतरते. मग वाढवायची. मग पुन्हा आवळायची. ताणण्यासाठी त्यांनी १.४ किलोमीटर लांबीचा काचतंतू वापरला होता. ३३ वर्षांनी त्याला नोबेल मिळालं आणि स्ट्रिकलंड भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या तिसऱ्या स्त्री ठरल्या.

आता तंतूऐवजी ग्रेटिंग वापरतात. काचेच्या तुकड्यावर सोन्याचा मुलामा आणि त्यावर बारीक समांतर रेघा, मिलिमीटरला हजाराच्या घरात. वेगवेगळे रंग वेगवेगळ्या कोनांत जातात, काहींना लांबचा रस्ता मिळतो, काहींना जवळचा, आणि पल्स लांबते. शेवटी दुसरी जोडी हाच हिशेब उलटा फिरवते. मधे अॅम्प्लिफायर. आठ कोटींतल्या हजारच पल्स तिथे आत घेतल्या जातात. काही हजार व्होल्टचा झटका बसलेला एक स्फटिक नेमक्या क्षणी दार उघडतो आणि पल्स पुरेशी फुगली की बाहेर सोडतो.

बाहेर येते ती पल्स चार मिलिज्यूलची आणि चाळीस फेम्टोसेकंदांची. भागाकार केला तर १०० गिगावॉट. महाराष्ट्राची उन्हाळ्यातली विजेची कमाल मागणी ३० गिगावॉटच्या आसपास असते, म्हणजे त्या क्षणापुरती या टेबलावर तीन महाराष्ट्रांहून जास्त वीज. सरासरी मात्र चार वॉट, झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाकडे याच जातीचा १०० टेरावॉट प्रतीचा लेझर आहे, म्हणजे आणखी हजारपट. घन पदार्थावर असा लेझर मारून तयार होणाऱ्या प्लाझ्मात कोट्यवधी गॉसची चुंबकीय क्षेत्रं क्षणभर उभी राहतात, ती या गटाने मोजली आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातला लेझर तर एक पेटावॉटचा.

ग्रेटिंगला कुणी हात लावत नाही. आरसा पुसता येतो: भिंगाच्या कागदावर मिथेनॉलचा एक थेंब, कागद आरशावर टेकवायचा आणि एका दमात एका दिशेने ओढायचा, पुन्हा तोच कागद वापरायचा नाही. इंजिनिअरने मला हे करून दाखवलं तेव्हा तो श्वास रोखून होता. ग्रेटिंगवर एवढंही चालत नाही. बोटाचा ठसा उमटला की तो कायमचा. एका ठिकाणी (शहरही त्याने सांगितलं नाही) सफाईला नव्याने आलेल्या मावशींनी पेटी उघडी दिसली म्हणून सोनेरी काच ओढणीने लख्ख पुसून ठेवली. नवी यायला कित्येक महिने गेले.

‘‘मावशींची चूक नव्हती,’’ तो म्हणाला. ‘‘पेटी उघडी ठेवली कुणी?’’

वेळ मोजायची फूटपट्टी

पल्स खरंच चाळीस फेम्टोसेकंदांची आहे, हे कळणार कसं? इतकं जलद विद्युत उपकरण जगात नाही. मग वेळ मोजायला अंतर वापरतात. पल्सचे दोन भाग करायचे, एकाला सरकत्या आरशावरून पाठवायचं आणि दोन्ही एका पातळ स्फटिकात एकत्र आणायचे. दोघं एकाच क्षणी पोचले तरच मधोमध निळा प्रकाश निघतो. आरसा एक मायक्रॉन सरकवला की एका पल्सचा जाऊन-येऊन दोन मायक्रॉनचा, म्हणजे सुमारे ६.७ फेम्टोसेकंदांचा उशीर होतो. निळा ठिपका किती सरकवेपर्यंत टिकतो, त्यावरून पल्सची लांबी काढायची.

इंजिनिअरचं निम्मं काम या निळ्या ठिपक्याच्या भरवशावर चालतं. तो लांबट झाला, दोन्ही बाजूंना पंख फुटले, फिका पडला, की कुठल्या नॉबला हात घालायचा याचा अंदाज त्याला येतो. कुठे एक जादा काच आली तरी फरक पडतो: तीस फेम्टोसेकंदांची पल्स एक सेंटिमीटर जाडीच्या सिलिका काचेतून गेली की पंचेचाळीसची होऊन बाहेर पडते. प्रयोगात कुणी नवं भिंग बसवलं आणि सांगितलं नाही, तर दोष लेझरच्या माथी येतो.

नॉबला हात लावण्याआधी तो शेजारच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने जुनी जागा लिहून ठेवतो. एका वेळी एकच नॉब. विद्यार्थिनीला त्याने हे किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. आता तीच इतरांना सांगते, जरा जास्तच कडक आवाजात.

पाऊस

आता खोलीकडे येऊ.

या प्रयोगशाळेची तक्रार होती, की लेझरची पॉवर डुलते. दिवसभराच्या नोंदीचा आलेख प्राध्यापकबाईंनी छापूनच ठेवला होता: एकसारख्या लाटा, साधारण वीस-वीस मिनिटांच्या. त्यांना संशय हिरव्या लेझरचा. तो बदलायचा म्हणजे बरेच लाख. इंजिनिअरने आलेख बघितला, मग छताकडे बघितलं, आणि खिशातून एक छोटा तापमापक काढून स्ट्रेचरच्या, म्हणजे पल्स ताणणाऱ्या ग्रेटिंगच्या, पेटीवर ठेवला. आम्ही चहाला गेलो. परत आलो तेव्हा तापमापकाच्या आलेखात तशाच लाटा होत्या. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होई, बंद होई, आणि वरच्या तोंडातून थंड झोत थेट पेटीवर पडे. एक मीटर अॅल्युमिनियम एका अंशाला २३ मायक्रॉन लांबतं. आरशांच्या बैठकींत एवढी हालचाल म्हणजे पुष्कळ झाली.

एसीवाल्या भाऊंना बोलावलं. ते शिडीवर चढून म्हणाले, ‘‘सर, कूलिंग तर मस्त आहे.’’ खोली गार आहे की नाही एवढंच त्यांना आजवर विचारलं गेलं होतं. तापमान एका पातळीवर राहतंय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी झोताचं तोंड फिरवलं, त्याच्याखाली थर्माकोलची आडवी फळी बांधली आणि कॉम्प्रेसरची सेटिंग बदलली. दुपारपर्यंत लाट जवळजवळ सपाट. फळी दिसायला भिकार होती. बाईंनी ती तशीच राहू द्यायला सांगितलं.

पावसाळा याहून वाईट. चिलरचं पाणी अठराच्या आसपास ठेवलेलं असतं, ते लेझरच्या आत धातूला गार ठेवतं. खोली २२ अंश आणि हवा कोरडी असेपर्यंत काही बिघडत नाही, कारण दव धरायला तापमान दहाच्या आसपास उतरावं लागतं. पण जुलैत पुण्याच्या हवेत तेच दव बावीस-तेविसाला धरतं, मुंबईत पंचविसाला. आता रात्री वीज गेली असं धरा. लेझर आणि चिलर यूपीएसवर असतात, कारण ते महागडे. एसी यूपीएसवर नसतो, कारण त्याचा भार पेलत नाही. म्हणजे खोलीत दमट हवा शिरत राहते आणि आतला धातू मात्र अठरा अंशांवर गार. सकाळपर्यंत नळ्यांना घाम फुटतो, मग स्फटिकाच्या बैठकीला. काही स्फटिक तर ओल शोषून धुरकट होतात, मग ते टाकूनच द्यावे लागतात. यंत्र वाचवायला म्हणून आणलेला यूपीएसच यंत्र बुडवतो.

यावर उपाय महागडा नाही. एसी बंद पडला की चिलरही आपोआप बंद व्हावा, अशी एक वायर जोडायची. इंजिनिअर नव्या ठिकाणी गेला की आधी ही वायर मागतो. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, की ते विद्युत विभागाचं काम, अर्ज करावा लागेल.

कागद

अर्ज हा या धंद्याचा दुसरा पावसाळा. संशोधन प्रकल्पाच्या अनुदानातून यंत्र येतं, वॉरंटी संपते आणि वार्षिक देखभाल करारासाठी पैसा उरलेला नसतो. सुटा भाग परदेशातून यायचा, डॉलरमध्ये. कस्टममध्ये अडकला तर तिथलं भाडं वेगळं. कागदावर ‘लेझर’ हा शब्द दिसला की शस्त्र आहे का, असंही एकदा विचारलं गेल्याचं त्याने हसत सांगितलं. मला यात हसण्यासारखं फारसं वाटलं नाही. यंत्र घेताना फीत कापायला सगळे येतात, देखभालीची तरतूद करायला कुणी नसतं. हे आपल्याकडे लिफ्टपासून व्हेंटिलेटरपर्यंत सगळीकडे आहे, आणि लेझर त्याला अपवाद असण्याचं कारण नाही.

दरम्यान धंदाही बदलतोय. टायटेनियम-नीलमण्याची जागा बऱ्याच ठिकाणी यटर्बियमचे लेझर घेऊ लागलेत, १०३० नॅनोमीटरचे. त्यांच्या पल्स काहीशा लांब, दोन-तीनशे फेम्टोसेकंदांच्या, पण यंत्र बंद पेटीत येतं आणि बटण दाबलं की चालू होतं. लिथुआनियाच्या विल्निअस शहरात तर हा मोठाच उद्योग आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायचे स्टेंट कापायला, मोबाइलची काच कापायला असे लेझर लागतात, कारण ते कापतात पण आजूबाजूला भाजत नाहीत: उष्णता पसरायच्या आतच पल्स संपलेली असते. कारखान्यात टिचकी मारायला कुणाला वेळ नसतो. पेटीला सील असतं आणि दोष इंटरनेटवरून परदेशातूनच बघतात.

‘‘मग तुमचं काय?’’ मी विचारलं.

‘‘पेटीला खोली लागतेच की,’’ तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, ‘‘पण टिचकीची सवय सुटेल खरी.’’

नव्या भरतीच्या मुलाखती आता तोच घेतो. एमएस्सी झालेली मुलं येतात, फूरियर रूपांतर फळ्यावर सुरेख मांडतात. तो त्यांना दोन आरसे, दोन भोकांच्या चकत्या आणि एक साधा लाल लेझर देतो आणि किरण दोन्ही भोकांतून काढायला सांगतो. बरेच जण दोन्ही हातांनी दोन नॉब फिरवू लागतात आणि किरण छताला जातो. मागच्या खेपेला सांगलीकडची एक मुलगी आली होती, डिप्लोमा करून मग डिग्री केलेली. तिने आधी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि पेन्सिल मागितली. तिला घेतलं. सध्या ती बंगळुरू आणि हैदराबाद सांभाळते, पण मुंबई तो तिला देत नाही. अजून दोन पावसाळे जाऊ देत, म्हणतो. तिचं म्हणणं वेगळं आहे. कुलाब्याला जाऊन समुद्रावर बसायला मिळतं, म्हणून सर मुंबई सोडत नाहीत.